उतरलेले वजन आणि मनातील प्रतिमा

स्थूलता हा केवळ सुखवस्तू घरांचा विकार आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील शेकडा २४ स्त्रिया व शेकडा सुमारे २३ पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आढळले. वजन कसे घटवावे याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. ते घटल्यानंतर त्या व्यक्तीपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

वैद्यकीय सल्ल्याने आहार व व्यायाम सांभाळून, अथवा शस्त्रक्रियेनंतर, एखाद्याचे वजन ९० किलोवरून ६४ किलोवर आले, असे समजू. काटा खरे सांगतो. मन मात्र ते लगेच स्वीकारीत नाही. अशी व्यक्ती एस.टी.च्या बाकावर पूर्वीप्रमाणेच अंग चोरून बसते, छायाचित्राच्या वेळी मागच्या रांगेत सरकते, दुकानात जुनेच माप मागते. प्रत्येकाच्या मनात स्वतःच्या देहाचे एक चित्र असते, हा विचार मानसोपचारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ साली आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. हे चित्र वर्षानुवर्षांच्या अनुभवातून, लोकांच्या शेरेबाजीतूनही, घडलेले असते. त्यामुळे ते देहाच्या मागून, सावकाश बदलते.

कपड्यांचा प्रश्न येथेच निगडित आहे. सैल कपडे रोज जुन्या देहाचीच आठवण देतात. तथापि, वजन उतरत असताना सर्व कपडे नव्याने शिवणे हा अपव्यय होय. शस्त्रक्रियेनंतरची बहुतांश घट पहिल्या वर्ष-दीड वर्षात होते. तोपर्यंत नित्याचे दोन-तीन जोड मापात करून घ्यावेत. शिंप्याने नवी शीण घालताना आतील कापड लगेच कापू नये, माया राखावी. पुढे माप बदलल्यास ती उपयोगी पडते. साडी कोणत्याही अंगाला बसते. तेथे पोलके व परकर एवढेच बदलावे लागतात. वजन काही महिने स्थिर राहिल्यावर मोठे कपडे गरजूंना द्यावेत किंवा बोहारणीकडून त्यांचे भांडे घ्यावे. ‘पुन्हा लागतील’ म्हणून ते जपून ठेवणे म्हणजे स्वतःवरच अविश्वास दाखविणे होय.

नव्या देहाकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नयेत. बरेच वजन उतरल्यावर त्वचा सैल पडते, काहींचे केस काही काळ गळतात. तरुणपणीचा देह परत येत नाही. चढताना न लागणारी धाप, खाली बसून सहज उठता येणे, हेच खरे लाभ. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांचे प्रमाण वजनाबरोबर बदलावे लागू शकते, म्हणून ते वैद्याकडून तपासून घ्यावे. आरशासमोरील अस्वस्थता दीर्घकाळ टिकली, किंवा खाण्याचीच भीती वाटू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच नसावा.

समाजाची जबाबदारीही कमी नाही. ‘किती वाळलात! काही दुखणे तर नाही ना?’ हा प्रश्न आपुलकीने विचारला जातो, पण कष्टाने वजन घटविणाऱ्याला तो बोचतो. उलटपक्षी, कोणताही प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरत असेल, तर ते क्षयरोग, मधुमेह अथवा थायरॉइडच्या विकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी कुजबूज न करता त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे, हे पंचायत सदस्यांचे कर्तव्य ठरते. क्षयरोगाची तपासणी तेथे विनामूल्य होते. वर्गात मुलांच्या अंगकाठीवरून पडणारी टोपणनावे शिक्षकांनी वेळीच थांबवावीत. देह पुढे बदलतो. ते नाव मात्र मनात राहून जाते.