चुलीशिवायचं सरबत

रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, झाडावर पिकताना आधी हिरव्याचा पिवळसर होतो, मग लाल, आणि शेवटी जांभळट काळा. सरबताला हा शेवटचा रंग लागतो. अर्धवट पिकलेली फळं आमसुलांना चालवून घेतात, पण त्यांचं सरबत फिकट गुलाबी होतं आणि जिभेवर नुसता आंबटपणा राहतो. म्हणून देवगड तालुक्यातल्या माझ्या मामींच्या घरी मे महिन्यात पहिलं काम निवडण्याचं असतं. पडवीत गोणपाट पसरायचं, फळं ओतायची आणि एकेक हातात घेऊन बघायचं. दबलेलं, कीड लागलेलं, देठाशी चिकट झालेलं फळ बाजूला जातं. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण वर्षभराची चव इथेच ठरते असं माझं मत आहे.

कोकम हे झाड कोकणाबाहेर फारसं कुणी जवळून पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून वाढवलेलं रोप नर निघालं की मादी, हे ते फुलावर येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षं सहज जातात. इतकी वर्षं पाणी घालून हाती नर झाड आलं, अशा गोष्टी कोकणात घरोघरी ऐकायला मिळतात. आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जातींची कलमं मिळतात, त्यामुळे ती वाट पाहणं संपलं आहे. तरी मामींच्या परसातलं जुनं नर झाड कुणी तोडलेलं नाही. परागासाठी तेही लागतं.

वेळ मात्र कमी असतो. फळाचा भर मे महिन्यात, आणि मृग तोंडावर. बरीचशी फळं नेमकी पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला पिकतात आणि झाडाखाली चिखलात सडून जातात. पाण्याने फुगलेला रातांबा कशालाच उपयोगाचा नाही. त्यामुळे ऊन कडक आहे तोवर घरातला प्रत्येक माणूस या कामाला लागतो. मुलं खाली पडलेली वेचतात, मोठे आकडीने फांदी ओढतात, म्हातारी माणसं निवडायला बसतात.

निवडलेली फळं धुऊन, कापडाने पुसून, वाऱ्यावर पूर्ण कोरडी करायची. मग फोडणं. पक्क्या रातांब्याला सुरी नावालाच लागते. मधोमध चीर देऊन दोन्ही हातांनी उलट पिळला की त्याच्या दोन वाट्या सुटतात. आत पांढरट, गोडसर गरात गुरफटलेल्या बिया असतात. गर आणि बिया एका भांड्यात, वाट्या परातीत. बोटं लाल होतात आणि नखांच्या कडेला तो रंग बरेच दिवस राहतो.

इथून वाटा फुटतात. मामी एकाच राशीतून तीन गोष्टी करतात, कारण घरात तीन तऱ्हेची माणसं आहेत. मुलांना आणि पाहुण्यांना गोड सरबत, ज्याला अमृत कोकम म्हणतात. जेवणात सोलकढीला आगळ, म्हणजे मिठात काढलेला रस. आणि मधुमेह असलेल्या मामांसाठी सुकवलेली आमसुलं, ती भिजवून बिनसाखरेचं पाणी करायला.

सरबताची रीत ऐकायला फार सोपी आहे. चिनीमातीच्या बरणीत तळाला साखरेचा थर, त्यावर साखरेने भरलेल्या वाट्या, पुन्हा साखर, पुन्हा वाट्या, सगळ्यात वर साखर. एक किलो वाट्यांना दोन किलो साखर. तोंडाला पातळ स्वच्छ कापडाचा दादरा बांधायचा आणि बरणी खळ्यात उन्हात ठेवायची. संध्याकाळी आत, सकाळी बाहेर. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने खालवर करायचं. ‘वलो हात लागलो तर बुरशी इली म्हणान समज,’ असं मामी प्रत्येकाला बजावतात, मग तो शहरातून आलेला इंजिनिअर जावई का असेना.

पहिल्या दिवशी काहीच घडल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी लाल पाणी दिसू लागतं. साखर सालीतलं पाणी ओढून घेते, त्या पाण्याबरोबर रंग आणि आंबटपणाही बाहेर येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाट्या आक्रसून वर तरंगायला लागतात आणि न विरघळलेली साखर खाली घट्ट बसते. ढवळण्याचं महत्त्व तेव्हा कळतं. ती खालची साखर तशीच राहिली तर वरचा रस पातळ पडतो आणि आंबायला लागतो. पाकात साखर साधारण 65 टक्क्यांच्या वर असेल तर त्यात बुरशी किंवा यीस्ट सहसा वाढत नाही, आणि मुख्यतः याच कारणाने हे सरबत वर्षभर टिकतं. आठवडाभर उन्हात ठेवलं की साखर पूर्ण विरघळते. मग गाळायचं, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं मीठ घालायचं, बाटल्या भरायच्या.

या सगळ्यात चूल कुठेच नाही. शहरातल्या स्वयंपाकघरात घाई असते, म्हणून अनेकजण साखरेचा पाक उकळून त्यात रस ओततात किंवा सालीच शिजवतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण चवीबरोबर रंगाचंही आहे. रातांब्याचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. जांभळातही हीच जात आहे. आंबटात ते लालबुंद राहतं, पण उष्णतेने मोडतं आणि सरबत विटकरी, मग तपकिरी होत जातं. मग तो गेलेला रंग बाहेरून घालावा लागतो. मामी याला एकाच वाक्यात निपटतात: ‘साकर इरगळाक व्हयी, शिजाक नको.’ रंग बाहेरून घातलेला नाही याची खात्री करायची तर एका वाटीत थोडं सरबत घेऊन चिमूटभर खायचा सोडा टाकून बघावा. खरा कोकमाचा रंग लाल राहत नाही, निळसर-काळपट व्हायला लागतो.

भांड्यांचाही हिशोब आहे. रातांब्यातलं आम्ल जोरदार असतं, त्यामुळे तांब्या-पितळेची बिनकल्हईची भांडी आणि ॲल्युमिनियम पूर्ण वर्ज्य. चिनीमाती, काच, लाकूड एवढंच जवळ येऊ द्यायचं.

आगळाला साखरेच्या जागी मीठ. किलोला दीडशे ग्रॅमच्या आसपास खडे मीठ, तेच रोज ढवळणं, आणि सुटलेला दाट रस गाळून घेणं. हा रस भयंकर खारट-आंबट असतो, म्हणून चमच्याने मोजूनच वापरायचा. रक्तदाब असलेल्या माणसाने तर तो जपूनच घ्यावा, हे मी आग्रहाने सांगते, कारण कोकम पित्तावर चांगलं म्हणून लोक मापाशिवाय पितात. मामांसाठीचं पाणी वेगळं असतं. आमसुलं एकदा पाण्यात खंगाळून वरचं मीठ काढायचं, मग स्वच्छ पाण्यात तासभर भिजवून हाताने कुस्करायची आणि जिरेपूड टाकून प्यायचं. ही आमसुलं करण्यात श्रम सगळ्यात जास्त. गर-बियांत मीठ घालून जो रस सुटतो, त्यात वाट्या बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. प्रत्येक पुटाबरोबर साल काळी आणि लवचीक होत जाते.

दुपारी सोलकढी. इथे माझं सगळं लक्ष नारळाकडे असतं. जुना, पक्का नारळ हवा. कोवळ्यात पाणी फार आणि स्निग्धपणा कमी. खवलेलं खोबरं लसूण आणि हिरव्या मिरचीसह वाटायचं आणि कोमट पाणी घालून पिळायचं. कोमटच, कारण खोबऱ्यातलं तेल गारठ्यात घट्ट होतं आणि चोथ्यातच राहून जातं. पहिलं दाट दूध बाजूला, मग चोथा पुन्हा वाटून दुसरं. दोन्ही एकत्र करून त्यात आगळ थोडं थोडं टाकत जायचं, आणि पांढऱ्याचं गुलाबी होताना हात कुठे थांबवायचा हे चाखून ठरवायचं. मीठ शेवटी, कारण आगळात आधीच भरपूर असतं. वर चिरलेली कोथिंबीर. ही गॅसवर ठेवली की दूध फाटतं, आणि फ्रीजमध्ये रात्रभर राहिली की वर तेलाची कडक साय धरते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास करावी आणि जेवतानाच संपवावी. नारळ नसेल त्या दिवशी आगळ, पाणी, हिंग-जिऱ्याची फोडणी आणि कोथिंबीर एवढ्यावरच काम भागतं, आणि तापातून उठलेल्या माणसाला ते हलकं सार जास्त रुचतं.

बियाही वाया जात नाहीत. त्या धुऊन, वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. ते गार झालं की मुठीत वळून त्याचे गोळे करतात. भेगा पडलेल्या टाचांना पावसाळ्यात हेच तेल लावलं जातं.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि बाजारात त्याची मागणीही वाढते आहे, याचा आनंद आहे. पण विकत आणलेल्या बाटलीत साखर-मीठ ठरलेलं असतं. घरी केलं की नातवाच्या पेल्यात साखर, मामांच्या पेल्यात फक्त जिरं, आणि उन्हातून काम करून आलेल्या गड्याच्या तांब्यात दोन्ही, असं प्रत्येकाचं वेगळं करता येतं. एका बरणीतून सगळ्यांना सारखंच देणं मामींना मुळीच मान्य नाही.

मेच्या अखेरीला मुंबईच्या मुलींकडे बाटल्या जातात. काठोकाठ न भरता वर दोन बोटं जागा सोडायची, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, त्यावर दोरा. प्रवासात बाटली उभीच ठेवायची. आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहायचं: ‘सरबत, पाच पट पाणी’ किंवा ‘आगळ, सोलकढीला’, आणि खाली साल. दोन्ही बाटल्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात, आणि मुलांच्या पेल्यात आगळ पडलं तर ते पोर पुन्हा कोकमाला तोंड लावत नाही.