पंपाचा जुना रिमोट वापरू नका

मेडट्रॉनिकच्या मिनिमेड ५०८ आणि पॅराडाइम या इन्सुलिन पंपांना जोडीला एक चिमुकला रिमोट घेता येत असे. पंप कपड्यांच्या आत राहायचा. रिमोटचं बटण दाबून जेवणापुरता बोलस, म्हणजे इन्सुलिनचा डोस, द्यायचा, किंवा इन्सुलिन थांबवायचं. चारचौघांत जेवणाऱ्याला ही मोठीच सोय होती.

पण रिमोटचे रेडिओ संदेश जवळपासच्या जाणकाराला टिपून पुन्हा पंपाकडे सोडता येतात. नको असताना बोलस गेला तर साखर धोकादायकरीत्या उतरते. इन्सुलिन बंद पडलं तर कीटोॲसिडोसिसची भीती. म्हणून कंपनीने २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये एमएमटी-५०० व एमएमटी-५०३ हे रिमोट वापरणं थांबवून परत करायला सांगितलं. माझ्या मते हा इशारा आधीच इतका स्पष्ट हवा होता.

रिमोट नुसता खणात टाकून भागत नाही. पंपाच्या मेनूत रिमोटचा पर्याय बंद करा, नोंदवलेले सगळे रिमोट क्रमांक पुसा. बोलस पंपाच्या बटणांवरूनही देता येतो. सेकंडहँड पंप मिळाला असेल, तर हा मेनू सर्वांत आधी उघडा. आधीच्या मालकाच्या रिमोटचा क्रमांक त्यात राहिलेला असू शकतो.