विवरणपत्र भरले, ओळख पटली काय?

प्राप्तिकराचे विवरणपत्र संगणकावरून पाठविले आणि पोच क्रमांक हाती आला म्हणजे काम संपले, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः काम तेव्हा अर्धेच झालेले असते. विवरणपत्र आपणच भरले आहे, याची पडताळणी करदात्याने पूर्ण केल्याखेरीज ते कायद्याच्या दृष्टीने दाखल झालेलेच नसते. यासाठी पूर्वी १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२ पासून ही मुदत ३० दिवसांवर आली. त्यानंतर पडताळणी केल्यास तोच दिवस दाखल करण्याचा दिनांक धरला जातो. दरम्यान विवरणपत्राची अंतिम तारीख उलटली असेल, तर विलंब शुल्काचा भार पडतो. ठेवीच्या व्याजातून कापलेला कर परत मिळण्याची वाट पाहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला तर तोवर हात बांधून बसावे लागते.

हिशेब बिनचूक असताना असे का घडावे? बहुधा दोष कागदांच्या विसंगतीत असतो. 'आधार'शी नोंदलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी हा पडताळणीचा सर्वांत सोपा मार्ग. परंतु तो क्रमांक कित्येकदा बंद पडलेला असतो. शिवाय पॅन आणि आधार यांची जोडणी झालेली असावी लागते, आणि त्यासाठी दोन्हींवरील नाव, जन्मतारीख व लिंग जुळावे लागते. येथे आपल्याकडच्या जुन्या नोंदी आडव्या येतात. ज्यांची जन्मतारीख घरी कोणालाच ठाऊक नव्हती, अशा कित्येक मुलांच्या नावापुढे शाळेत गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली. पुढे एक कार्ड शाळेच्या दाखल्यावरून निघाले, दुसरे निराळ्याच कागदावरून. विवाहित स्त्रीचे एकीकडे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे. 'लक्ष्मी' हे नाव इंग्रजीत कोठे 'एक्स' घालून लिहिलेले, कोठे 'केएसएच' घालून.

अशा वेळी पुन्हा नवे विवरणपत्र भरण्याची घाई अनेकजण करतात. मूळ दोष तसाच राहिल्याने तेही तेथेच अडते. प्रथम कोणती नोंद खरी हे ठरवावे आणि दुसरी दुरुस्त करून घ्यावी. आधारवरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते, म्हणून पुरावा हाती असल्याशिवाय अर्ज करू नये. मोबाइल क्रमांक आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो. ज्यांनी ३० जून २०२३ पर्यंत जोडणी केली नाही, त्यांचे पॅन, सूट असलेले वगळता, १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. असे पॅन असेतोवर परतावा मिळत नाही आणि कर कपातही चढ्या दराने होते.

या दुरुस्तीला वेळ लागतो आणि ३० दिवस तर सरत असतात. त्यामुळे दुसरे मार्ग माहीत असावेत. नेट बँकिंग किंवा आधीच प्रमाणित केलेले बँक खाते यांद्वारे पडताळणी होते. तेही नसेल तर पोचपत्राची छापील प्रत काढून, तीवर स्वाक्षरी करून ती बेंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडे स्पीड पोस्टाने धाडावी. यास मोबाइल लागत नाही. ही प्रत जिल्ह्याच्या प्राप्तिकर कार्यालयात देऊन मात्र उपयोग नसतो, आणि ती शेवटच्या दिवशी टपालात टाकणेही धोक्याचे.

मुदत टळलीच, तर प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर कारण नमूद करून विलंब माफीची विनंती करता येते. आधार केंद्राने दुरुस्तीच्या वेळी दिलेली दिनांकित पोचपावती अशा वेळी उपयोगी पडते.