श्रद्धेचे मूळ धरणे : ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा धर्मांतराच्या घटनेवर खिळून राहते. बाप्तिस्म्यापूर्वीचा संघर्ष व नंतरचा सामाजिक बहिष्कार यांची चर्चा विपुल होते. स्वीकारलेली श्रद्धा पुढे टिकली कशी, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. नव्या करारात या प्रश्नाला मोठे महत्त्व आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रद्धावंताच्या स्थैर्यासाठी मूळ आणि इमारत अशा दोन प्रतिमा एकत्र योजल्या आहेत. पेरणाऱ्याच्या दाखल्यातील खडकाळ जागेवरचे रोप तर इतरांआधी उगवते, पण मूळ नसल्यामुळे उन्हाने करपते. उगवणे आणि मूळ धरणे या भिन्न क्रिया होत. या भेदाच्या आधारे टिळक दांपत्याच्या वाङ्मयाकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्यापुढे खरा प्रश्न उपासनेच्या भाषेचा होता. मिशनच्या उपासनेत परकीय चालींवरील भाषांतरित गीतांना मोठे स्थान होते. ती गाता येत. परंतु दुःखात, प्रवासात, एकांतात ती आपोआप ओठांवर येतील, असे नव्हते. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांचा आश्रय केला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. 'अभंगांजली'सारख्या रचनेत हा सेतू ओलांडून मागे टाकलेला नाही. त्यावरून नित्य जाणे-येणे आहे.

हा केवळ बाह्य वेष आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु अभंग हे रिकामे पात्र नव्हे. देवाशी एकेरीत बोलणे, स्वतःचे दोष उघड मांडणे आणि विरहाची तळमळ व्यक्त करणे, या गोष्टी त्या रचनाप्रकाराच्या परंपरेत मुरलेल्या आहेत. त्यामुळे ख्रिस्तविषयक सिद्धान्त अनुभवाच्या भाषेत उतरतो. शिवाय अभंग पाठ होतो. पाठ झालेली श्रद्धा उपदेशकाच्या उपस्थितीवर अवलंबून राहत नाही. दुसरीकडे, क्रूसावरील येशू हा केंद्रबिंदू टिळकांच्या काव्यात कोठेही ढळत नाही. माती मराठी, मूळ ख्रिस्तात, अशी ही रचना आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. संस्थेच्या दृष्टीने हे विचलन वाटू शकते; टिळकांच्या दृष्टीने मात्र ती निष्ठेचीच परिणती होती. व्यक्तीवरील निष्ठा आणि व्यवस्थेवरील निष्ठा यांत अंतर पडते तेव्हा स्थैर्य कशाला म्हणावे, हा प्रश्न त्यांनी आपल्या आचरणाने उभा केला.

लक्ष्मीबाईंची वाट वेगळी आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे-ओवळे पाळून त्या स्वयंपाक वेगळा करीत. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा बदल वादविवादातून नव्हे, तर पाणी, अन्न आणि माणसे यांच्या रोजच्या संबंधांतून घडताना दिसतो. जातिभेद त्यांच्या मनातून आधी गळून पडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. येथे मूळ आधी खोल गेले आणि अंकुर नंतर दिसला. म्हणूनच वैधव्यातही ही श्रद्धा डळमळली नाही. पतीने अपूर्ण ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्णत्वास नेले; तेथे अनुयायी पत्नी स्वतः कवयित्री म्हणून उभी राहते.

यावरून असे म्हणता येईल की, श्रद्धेचे स्थैर्य म्हणजे अचलता नव्हे. मूळ जमिनीत वाढतच असते. वाढ थांबली की झाड उन्मळण्याचा धोका निर्माण होतो. टिळकांनी भाषेत आणि लक्ष्मीबाईंनी नित्याच्या व्यवहारात ही वाढ साधली. त्यांचे लेखन 'मिशनरी वाङ्मय' या कप्प्यात बंद केल्यास एका धर्माचा इतिहास तर अपुरा राहतोच. मराठी भक्तिपरंपरा किती दूरवर पसरली, याचे आकलनही अपुरे राहते.