पाण्याच्या गाठीतले रक्त

मूल रांगायला लागण्याच्या आत मानेच्या एका बाजूला मऊ, फुगीर गाठ दिसू लागते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अशा वेळी पहिले नाव निघते ते टीबीचे. त्यात चूक काही नाही, कारण मुलांच्या मानेतल्या गाठींमागे आपल्याकडे क्षय असतोच. पण टीबीची गाठ बहुधा भरीव लागते. ही मात्र बोटाखाली हलते, दुखत नाही, आणि अंधाऱ्या खोलीत तिच्यावर टॉर्च टेकवला तर अख्खी आतून लालसर उजळते. उजेड आरपार जातो, कारण आत पाणी असते. लसीका नावाचे, फिकट पिवळसर.

ही लसीकावाहिन्यांची जन्मजात विकृती. जुनी पुस्तके हिला ‘सिस्टिक हायग्रोमा’ म्हणतात आणि अनेक डॉक्टरांच्या तोंडी आजही तेच नाव आहे. हा कर्करोग नाही आणि संसर्गही नाही. साधारण निम्म्या मुलांत ती जन्मतःच दिसते, उरलेल्यांपैकी बहुतेकांत दोन वर्षांच्या आत.

लसीकेची ओळख पालघर जिल्ह्याला वेगळ्या वाटेने झालेली आहे. हत्तीरोगाच्या गोळ्या देणारे आरोग्य कर्मचारी इथे दारोदार फिरले आहेत. त्या रोगाचे कृमी ज्या वाहिन्यांत ठाण मांडतात, त्याच या वाहिन्या. केशवाहिन्यांतून पाझरलेले पाणी गोळा करून त्या गळ्याच्या मुळाशी पुन्हा मोठ्या शिरेत सोडतात. हत्तीरोगात तयार वाहिनी नंतर बिघडते. इथे ती घडतानाच बिघडलेली असते.

ती घडते कशी, यावर शतकभर वाद झाला. १९०२ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्लॉरेन्स सेबिन या तरुण डॉक्टरबाईंनी डुकराच्या भ्रूणांत रंग सोडून पाहिले आणि सांगितले की लसीकावाहिन्या शिरांतूनच फुटतात. दिग्गजांनी ते नाकारले. २००७ मध्ये उंदरांच्या भ्रूणांतल्या पेशींवर खूण ठेवून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा सेबिनबाईच खऱ्या ठरल्या. माणसाच्या गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास मानेतल्या मोठ्या शिरेच्या भिंतीतल्या काही पेशी वेगळ्या होतात, बाहेर पडतात आणि लसीकेच्या थैल्या बांधतात. पुढे शीर आणि थैली यांच्यातली वाट बंद ठेवण्याचे काम रक्तातल्या प्लेटलेट करतात. उंदरांत हे काम बिघडवले, की लसीकावाहिन्यांत रक्त शिरलेले दिसते. लेक वेगळी राहायला गेली तरी माहेरचा दरवाजा पाठीलाच असावा, तसे हे नाते. म्हणूनच पाण्याच्या गाठीचा विचार रक्तवाहिन्यांना वगळून करता येत नाही.

घरच्यांना घाबरवणारा प्रसंग इथेच उद्भवतो. महिनोन्महिने शांत असलेली गाठ एका रात्रीत दुप्पट होते, टणक होते, त्वचेवर निळसर-जांभळी झाक येते आणि मूल रडू लागते. काल टॉर्चने उजळणारी गाठ आज अंधारी राहते. पोकळ्यांमधल्या पातळ पडद्यांतून बारीक रक्तवाहिन्या जातात. साधा सर्दी-खोकला, पडणे, धक्का, एवढ्यानेही त्यातली एखादी फुटते आणि पाण्यात रक्त मिसळते. एमआरआयमध्ये मग एकाच पोकळीत दोन थर दिसतात, खाली बसलेल्या रक्तपेशींचा आणि वरच्या पातळ द्रवाचा. नेमक्या याच वेळी कुणी ‘पू झालाय, चीर देऊ’ म्हणाले तर घात होतो. चिरेतून पाणी पाझरत राहते, जंतू आत जातात आणि पुढच्या उपचाराची वाट अवघड होते. गाठ जिभेखाली किंवा श्वासनलिकेलगत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, गिळता येत नसेल, तर तासांचा हिशेब असतो. तेव्हा तपासण्यांच्या मागे न लागता थेट रुग्णालय गाठावे.

रक्तवाहिन्यांचा संबंध आणखी दोन तऱ्हांनी येतो. काही मुलांत गाठ मिश्रच असते, पाण्याच्या पोकळ्यांना लागून शिरांची विकृती. असा भाग दाबला की रिकामा होतो, मूल रडले की भरतो. काहींत गाठीशेजारची मोठी शीर स्वतःच फुगलेली सापडते. त्यामुळे साध्या सोनोग्राफीवर न थांबता डॉपलर तपासणी मागावी. पोकळीत प्रवाह नाही, पडद्यांत थोडासा आहे, इतके कळले तरी अर्धे निदान होते.

उपचारात पूर्वी सुरीच पुढे असे. पण ही गाठ मेंदूकडे जाणारी रोहिणी, मोठी शीर आणि चेहऱ्याची नस यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. सगळी काढण्याचा हट्ट धरला तर त्यातले काही दुखावते, आणि थोडी सोडली तर ती पुन्हा वाढू शकते. मोठ्या पोकळ्यांसाठी आता बहुधा सोनोग्राफीत बघत पाणी काढून आत औषध सोडतात. ब्लिओमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन सोडले की भिंती सुजून एकमेकींना चिकटतात. औषध शिरेत निसटणार नाही, हे आधी तपासावे लागते. बारीक पोकळ्यांच्या, पसरलेल्या गाठींवर ही युक्ती तितकी चालत नाही. तिथे सिरोलिमस उपयोगी पडू लागले आहे. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले आणि सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ते नेटाने जगवले.

सिरोलिमस चालते, कारण बऱ्याच गाठींत ‘पीआयके३सीए’ या जनुकात बदल सापडतो आणि पेशींना वाढायला लावणारा त्याचा संदेश हे औषध पुढे अडवते. हा बदल गर्भ राहिल्यानंतर काही मोजक्या पेशींत होतो. तो आईबापांकडून येत नाही. ग्रहणात विळी धरली म्हणून बाळाला गाठ आली, असे बाळंतिणीला ऐकवणाऱ्या सासवांनी आणि शेजारणींनी एवढे तरी ऐकून घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. गाठ तिथे दाखवता येते, नाहीतर डहाणू किंवा कासा उपजिल्हा रुग्णालयात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात. मात्र औषध सोडण्याचे किंवा शस्त्रक्रियेचे काम बालशल्यविशारदाचे. त्यासाठी परळचे, १९२९ पासूनचे वाडिया बालरुग्णालय किंवा मुंबईतले एखादे मोठे सरकारी रुग्णालय गाठावे लागते. तलासरीकरांना वापी आणि सिल्वासा जवळ पडते, हेही खरे. जाताना पूर्वीचे सोनोग्राफीचे कागद न्यावेत आणि गाठ फुगली त्या दिवसाचा मोबाइलवर काढलेला फोटोही. डॉक्टरपर्यंत पोहोचेतो ती कधी ओसरलेली असते. आणखी एक चाचणी इथल्या मुलांची निघण्यापूर्वीच झालेली बरी, सिकलसेलची. जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत हा रक्तदोष आढळतो. भूल देताना अशा मुलाला ऑक्सिजन, पाणी किंवा ऊब कमी पडली तर रक्तपेशी वाकड्या होऊन बारीक वाहिन्या तुंबतात. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ तशी तयारी ठेवतो.