हॉल पाहून आलात, पण नेमकं काय पाहिलंत?

डीलर मीट असो, वार्षिक परिषद असो की नव्या उत्पादनाचं अनावरण, तारीख ठरली की कंपनीत पुढची हालचाल ठरलेली असते. तीन-चार हॉटेलांकडून पीडीएफ मागवायची, फोटो बघायचे, दर घासायचे आणि अ‍ॅडव्हान्स भरायचा. हॉल बघायला कुणी गेलंच, तर चहा पिऊन अर्ध्या तासात परत येतं. आमच्या धंद्यात या भेटीला ‘रेकी’ म्हणतात. ती नीट झाली नसेल तर ते कार्यक्रमाच्या सकाळी कळतं, आणि तेव्हा पैसे ओतूनही फारसं काही दुरुस्त होत नाही. तरी रेकीबद्दलचे काही समज इतके रुळले आहेत की मुरलेली अ‍ॅडमिन मंडळीही त्यांवर विसंबतात.

सगळ्यात घट्ट समज क्षमतेचा. ‘पत्रकात 500 लिहिलंय, आपण तर 300च आहोत.’ तो 500चा आकडा बहुतेक वेळा ओळीने खुर्च्या लावून काठोकाठ भरलेल्या हॉलचा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेत खुर्च्या मांडलेल्या सभागृहासाठी माणशी 0.6 चौरस मीटर धरतात आणि जेवणाच्या जागेसाठी 1.5. म्हणजे 3000 चौरस फुटांच्या हॉलमध्ये पहिल्या हिशेबाने सुमारे 465 माणसं बसतात, दुसऱ्याने 186. हे आकडेही बाहेर पडायच्या वाटा किती रुंद हव्यात ते ठरवण्यासाठी आहेत; ऐसपैस बसता येईल याची हमी त्यांत नाही. शिवाय 24 बाय 12चं स्टेज, एलईडी वॉलमागे वायरमनला शिरायला जागा, पहिल्या रांगेपुढची मोकळी पट्टी आणि मागे साउंडवाल्याचं टेबल यांत 600 चौरस फूट सहज जातात. गोल टेबलं हवी असतील तर टेप घेऊन जा आणि मांडणी जमिनीवर मोजून बघा. खांब कुठे येतो आणि झुंबर किती खाली लोंबतं, हेही तेव्हाच दिसतं. रुंद कोनाच्या लेन्सने काढलेल्या फोटोत यातलं काही कळत नाही.

‘एसी मस्त आहे, आत शिरताच गार वाटलं.’ रिकामा हॉल गार वाटणारच. शांत बसलेलं माणूससुद्धा साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतं. 300 माणसांची 30 किलोवॉट झाली. नुसती तेवढी शोषायला साडेआठ टनांचा एसी लागतो. दिवे, एलईडी वॉल आणि बुफेच्या शेगड्या वेगळ्याच. म्हणून एसी किती टनांचा ते विचारा. जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे, हेही विचारा. ‘बॅकअप आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. कोणकोणता लोड त्यावर आहे ते हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनकडून समजून घ्या.

आवाजाबाबत लोक चुकीच्या गोष्टीने घाबरतात. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की घुमते, पण माणसं भरली की ते घुमणं बरंच कमी होतं. खरा धोका शेजारच्या हॉलचा. मोठा बँक्वेट हॉल सरकत्या पार्टिशनने दोन भागांत विकला जातो, आणि पलीकडे संगीत किंवा हळदीचा डीजे सुरू झाला की तुमच्या एमडींचं भाषण संपलंच. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर पंचांग उघडा. त्या दिवशी मुहूर्त आहे का ते बघा. पार्टिशनपलीकडे एकाला मोठ्याने बोलायला लावा आणि इकडे उभं राहून ऐका.

संध्याकाळचा कार्यक्रम लॉनवर असेल तर ‘परवानगीचं हॉटेल बघेल’ हे गृहीत धरू नका. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद बँक्वेट हॉलला सूट आहे, लॉनला नाही.

आता ज्या समजाची मला खरोखर भीती वाटते तो: ‘मोठं हॉटेल आहे, आगीची व्यवस्था असणारच.’ 29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 माणसं गेली. ती धुराने गुदमरली. अनेक जण आसऱ्याला स्वच्छतागृहात शिरले होते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 1997मध्ये 59 जण असेच आगीच्या धुरात गुदमरून गेले. महाराष्ट्रात 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ताजं प्रमाणपत्र दाखवा, असं सरळ सांगा. यात संकोच कसला? मग संकटकालीन दरवाजा स्वतःच्या हाताने ढकलून उघडा. कित्येकदा त्यामागे जादा खुर्च्यांची चळत आणि घडीची टेबलं रचलेली असतात. जिना पार रस्त्यापर्यंत उतरून बघा. व्हीलचेअरवरचं माणूस हॉलमध्ये कुठून येणार आणि अडचणीत बाहेर कसं पडणार, हेही त्याच फेरीत कळेल.

‘कधीही गेलं तरी चालतं’ हाही गैरसमजच. मंगळवारी दुपारी तीनला ट्रॅफिक नसतं, पार्किंग रिकामं असतं आणि सर्व्हिस लिफ्ट मोकळी असते. तुमचा कार्यक्रम ज्या वारी, ज्या वेळी आहे, त्याच वारी त्याच वेळी जा. शक्यतो तिथे दुसरा कार्यक्रम चालू असताना. चहाच्या सुट्टीत स्वच्छतागृहाबाहेर किती रांग लागते ते बघा. तळघरातल्या हॉलमध्ये दोन-तीन कंपन्यांच्या सिमना रेंज येते का, तेही तपासा.

आणि एकटे जाऊ नका. साउंडवाला आणि डेकोरेटर यांना सोबत न्या. टेम्पो कुठे लागणार आणि आदल्या रात्री हॉल किती वाजता ताब्यात मिळणार, हे प्रश्न त्यांना आपोआप सुचतात. मिळालेली उत्तरं करारात लिहून घ्या: ताबा मिळण्याची वेळ, जनरेटरवरचा लोड, किमान प्लेटांची गॅरंटी, शेजारच्या हॉलचं बुकिंग. अ‍ॅडव्हान्स त्यानंतरच भरा.