वेबसाइटचे फोटो गोदामात हलवा, पत्ता मात्र स्वतःचाच ठेवा

वूकॉमर्सच्या व्हिडिओंखाली एक प्रश्न इतक्या वेळा आला की त्यावर वेगळा व्हिडिओ करावाच लागला. "ताई, होस्टिंगवाले म्हणतात जागा संपली, मोठा प्लॅन घ्या. घेऊ का?" कुठलं बटण कुठे आहे ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. इथे मी लिहिणार आहे ते त्यामागचा हिशोब आणि कामाचा क्रम. घाई होते ती याच दोन गोष्टींत, आणि दिवाळीच्या तोंडावर साइटवर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी दिसायला लागतात.

जागा जाते कुठे?

माझं दुकान साड्यांचं, म्हणून उदाहरण साडीचंच घेते. एका पैठणीचे किमान चार फोटो लागतात: पूर्ण साडी, पदर, काठ आणि ब्लाउजपीस. पदराचा फोटो मोठा करून बघितल्याशिवाय गिऱ्हाईक पुढे सरकत नाही, त्यामुळे फोटो चांगलाच लागतो. पण तुम्ही एक फोटो चढवला की वर्डप्रेस आपणहून त्याच्या लहान-मोठ्या प्रती काढतं: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या. फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर २५६० ची आणखी एक प्रत काढून ती वापरतं, आणि तुमची मूळ फाइलही तशीच ठेवून देतं. त्यात वूकॉमर्सच्या प्रती आणि थीमच्या प्रती. धरून चला, एका फोटोमागे दहा फाइली.

आता गुणाकार करा. १,५०० साड्या, प्रत्येकी ४ फोटो म्हणजे ६,००० फोटो आणि ६०,००० फाइली. मूळ फोटो आणि त्याच्या सगळ्या प्रती मिळून ५ एमबी धरले तर ३० जीबी. शेअर्ड होस्टिंगवर मर्यादा दोन असतात. जीबीची मर्यादा जाहिरातीत ठळक दिसते, फाइलींच्या संख्येची मर्यादा अटींच्या पानावर बारीक अक्षरात असते, तिला इनोड लिमिट म्हणतात. 'अनलिमिटेड स्पेस' घेतलेल्यांची गाडी बहुतेक वेळा या दुसऱ्या मर्यादेवर अडते.

तुमचा सगळा मीडिया ४-५ जीबीच्या आत असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. अपलोडच्या आधी फोटो २००० पिक्सेलवर आणा, वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह करा (वर्डप्रेस ५.८ पासून म्हणजे २०२१ पासून हा फॉरमॅट चालतो), एवढ्यानेच बरीच वर्षं निघतील. कमी माल असताना गोदाम भाड्याने घेणं मला पटत नाही.

ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे नक्की काय

होस्टिंग म्हणजे तुमचा बाजारपेठेतला गाळा. तिथे काउंटर आहे, हिशोब आहे, गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस आहे, म्हणून तिथली जागा महाग. ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे गावाबाहेरचं गोदाम. तिथे कोणी काही विकत नाही. फाइल द्यायची, तिच्या नावाची चिठ्ठी लावायची, आणि कोणी ती चिठ्ठी दाखवली की फाइल बाहेर यायची. गोदामातल्या तुमच्या कप्प्याला बकेट म्हणतात. आतमध्ये फोल्डर दिसतात खरे, पण ते खरे फोल्डर नसतात. '२०२५/१०/पदर' हे अख्खं एका फाइलचं नाव असतं.

या धंद्यातलं सगळ्यात जुनं मोठं नाव म्हणजे ॲमेझॉनचं एस-थ्री, २००६ पासून सुरू आहे. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी आपली गोदामं एस-थ्रीच्याच कुलूप-किल्लीने उघडतील अशी बनवली, त्यामुळे एक शिकलात की इतरही जमतात. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये आणि हैदराबाद २०२२ मध्ये सुरू झालं. आपलं गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर मुंबईच निवडा.

भाडं स्वस्त, जावक महाग

मुंबईत एस-थ्री स्टँडर्डचा दर पहिल्या ५० टीबीपर्यंत महिन्याला जीबीमागे ०.०२५ डॉलर आहे. आपल्या ३० जीबीचं भाडं पाऊण डॉलर, म्हणजे साधारण ६५-७० रुपये. ६०,००० फाइली एकदा आत ठेवायचा खर्च ०.३० डॉलर. इथपर्यंत सगळे खूश असतात.

खरा खर्च माल बाहेर जाताना होतो. समजा एका पानावर २० फोटो, प्रत्येकी १५० केबी, म्हणजे ३ एमबी. एक गिऱ्हाईक पाच पानं बघतं, १५ एमबी. सणासुदीत रोज १,००० जण आले तर दिवसाला १५ जीबी, महिन्याला ४५० जीबी. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट. उरलेल्या ३५० जीबीला, जीबीमागे ०.१०९३ डॉलर दराने, ३८ डॉलर होतात. तीन हजार रुपयांच्या वर गेलं की नाही? भाडं सत्तर रुपये आणि जावक तीन हजार! वर जीएसटी आहेच. दर बदलत असतात, म्हणून तुम्ही करताना दरपत्रक उघडून हाच हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, एस-थ्रीच्या पुढे ॲमेझॉनचंच क्लाउडफ्रंट लावायचं. एस-थ्रीतून क्लाउडफ्रंटकडे जाणाऱ्या मालाला पैसे पडत नाहीत आणि क्लाउडफ्रंटमधून गिऱ्हाइकाकडे महिन्याला १ टीबी फुकट जातो. वरचे ४५० जीबी त्यात आरामात बसतात. दुसरी वाट क्लाउडफ्लेअरच्या आर-टूची. तिथे जावक फुकट, पहिले १० जीबी ठेवणं फुकट, पुढे जीबीमागे ०.०१५ डॉलर आणि महिन्याला १ कोटी वेळा फाइल वाचणंही फुकट. लहान दुकानाला आर-टू स्वस्त पडतं, हे मी स्पष्टच सांगते. पण त्याची एक अट आहे, ती पुढे येतेच.

ॲमेझॉनचं नवं खातं उघडताना फ्री प्लॅन की पेड प्लॅन असं विचारतात. फ्री प्लॅन सहा महिन्यांनी किंवा क्रेडिट संपलं की बंद होतो. शिकायला ठीक, पण दुकानाचे फोटो ठेवायचे तर पेड घ्या आणि पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा. ५ डॉलरचा लावला तरी चालेल, ईमेल येतो. टॅक्स सेटिंगमध्ये जीएसटी नंबर भरायला विसरू नका, इनपुट क्रेडिट कशाला सोडायचं?

पत्ता कोणाचा?

गोदामातल्या प्रत्येक फोटोला इंटरनेटवर एक पत्ता मिळतो. तुम्ही काहीच केलं नाहीत तर तो पत्ता कंपनीचा असतो: आधी बकेटचं नाव, मग एस-थ्री, मग रीजन, मग ॲमेझॉनचं डोमेन. साइट दिसते, फोटो दिसतात, आपण म्हणतो झालं काम. पण हा पत्ता फक्त तुमच्या साइटवर राहत नाही. गूगल मर्चंट सेंटरच्या फीडमध्ये जातो, इन्स्टाग्रामच्या कॅटलॉगमध्ये जातो, जुन्या न्यूजलेटरमध्ये बसतो, कुणाच्या तरी ब्लॉगवर चिकटतो. दोन वर्षांनी दुसरं गोदाम स्वस्त मिळालं की कळतं, हजारो ठिकाणी लिहिलेला पत्ता तुमच्या हातात नाहीच. तो भाडेकरूचा पत्ता आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून फोटोंचा पत्ता तुमच्याच डोमेनखाली घ्या. 'मीडिया डॉट तुमचं-दुकान डॉट कॉम' असा उपपत्ता करा आणि डीएनएसमध्ये सीनेम रेकॉर्ड टाकून तो क्लाउडफ्रंटकडे वळवा. उद्या गोदाम बदललं तर माल हलवायचा आणि एक रेकॉर्ड बदलायचा, बाहेरच्या जगाला काही कळतही नाही. एस-थ्री एकटं स्वतःच्या डोमेनवर एचटीटीपीएस देत नाही, हे क्लाउडफ्रंट लावायचं दुसरं कारण. त्याचं सर्टिफिकेट नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्येच काढावं लागतं. बकेट मुंबईत असली तरी. विचित्र वाटतं, पण तसंच आहे, आणि कमेंटमधले निम्मे लोक इथेच अडकतात.

आणि आर-टूची ती अट: स्वतःचा पत्ता जोडायचा तर तुमच्या डोमेनचं डीएनएस क्लाउडफ्लेअरकडे न्यावं लागतं. नेमसर्व्हर बदलण्याआधी जुनी सगळी रेकॉर्ड उतरवून घ्या, विशेषतः एमएक्स रेकॉर्ड. ते राहिलं तर साइट नीट चालेल, पण दुकानाच्या ईमेलवर ऑर्डर आणि बँकेचे मेल यायचे बंद होतील. आर-टू स्वतःहून एक फुकटचा सार्वजनिक पत्ता देतं, तो चाचणीपुरता असतो. त्यावर मर्यादा आहे, गर्दीत अडतो.

किल्ली

प्लगइनला गोदामाची किल्ली द्यावी लागते. मालकाच्या खात्याची किल्ली कधीच देऊ नका. आयएएममध्ये वेगळा युजर करा, त्याला फक्त त्या एकाच बकेटची परवानगी द्या. गुप्त किल्ली एकदाच दिसते, तेव्हाच जपून ठेवा. ती प्लगइनच्या पानावर न टाकता वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये टाका, म्हणजे डेटाबेसचा बॅकअप कुणाच्या हाती पडला तरी किल्ली त्यात नसेल. लागणाऱ्या ओळी व्हिडिओखाली दिल्या आहेत.

२०२३ पासून नव्या बकेटमध्ये 'ब्लॉक पब्लिक ॲक्सेस' आपोआप चालू असतं. फोटो दिसत नाहीत म्हणून ते बंद करा, असं बरेच जण सांगतात. क्लाउडफ्रंटला ओरिजिन ॲक्सेस कंट्रोल लावलं की बकेट बंदच राहते आणि फोटो फक्त त्याच दारातून बाहेर येतात. तेच करा. फोटोंच्या बकेटमध्ये बिलं, आधारच्या प्रती, गिऱ्हाइकांच्या याद्या टाकायच्या नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी, पूर्ण बंद बकेट. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याला तेवढा लागणार नाही म्हणा, पण गिऱ्हाइकाचा आधार नंबर बाहेर गेला तर गावात तोंड दाखवायचं कसं?

जोडण्याचा क्रम

आधी साइटचा पूर्ण बॅकअप, आणि तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर. मग प्लगइन. एस-थ्रीसाठी मी 'डब्ल्यूपी ऑफलोड मीडिया लाइट' दाखवलंय. फुकट आहे, पण ते फक्त नवीन फोटो उचलतं, जुन्यांसाठी त्याची पैसे देऊन घ्यायची आवृत्ती लागते. आर-टूसाठी 'ॲडव्हान्स्ड मीडिया ऑफलोडर' बघा.

जोडल्यावर एकच नवा फोटो चढवा. साइटवर तो वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता वाचा. तुमचा 'मीडिया' पत्ता दिसला पाहिजे. मोबाइलच्या डेटावर बघा, लॉगिन न करता बघा. कॅशिंग प्लगइन असेल तर कॅश साफ करा, नाहीतर जुनंच पान दिसत राहील. आठवडाभर फक्त नवीन फोटो जाऊ द्या, मगच जुने हलवा.

आता सगळ्यात धोक्याचं बटण: 'रिमूव्ह लोकल मीडिया', म्हणजे होस्टिंगवरची प्रत पुसा. जागा मोकळी करायची म्हणूनच हे सगळं चाललंय, त्यामुळे हात शिवशिवतात. पण हे प्लगइन डेटाबेसमधले जुने पत्ते खोडत नाही, पान दाखवताना पत्ता बदलून देतं. प्लगइन बंद पडलं की साइट पुन्हा होस्टिंगवरचेच फोटो शोधते, आणि तिथे तुम्ही काही ठेवलेलं नसतं. म्हणून किमान महिनाभर दोन्हीकडे प्रती ठेवा, त्यासाठी होस्टिंगचा मोठा प्लॅन एका महिन्यापुरता घ्यावा लागला तरी घ्या. पुसल्यानंतर जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे गूगल इमेजेसमधून येणारं गिऱ्हाईक परत जाणार नाही.

गोदाम म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात असू द्या. एस-थ्रीची टिकाऊपणाची हमी अकरा नऊंची आहे, ९९.९९९९९९९९९ टक्के. पण ती डिस्क बिघडण्यापासून. दुकानातल्या मुलाने मीडिया लायब्ररीतून फोटो डिलीट केला तर गोदामातूनही जातो. त्यासाठी बकेटवर व्हर्जनिंग चालू करा, आणि जुन्या प्रती ३० दिवसांनी काढून टाकायचा लाइफसायकल नियम लावा, नाहीतर पुसलेल्या फोटोंचंही भाडं भरत बसाल.

हे काम दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात सुरू करू नका. आषाढ बरा, दुकानात गर्दी कमी असते.

अडलात तर व्हिडिओखाली विचारा, एररचा स्क्रीनशॉटही टाका. फक्त त्यात तुमची किल्ली दिसत नाही ना, ते आधी बघा. गेल्या व्हिडिओखाली तिघांनी किल्लीसकट फोटो टाकले होते, ते मी काढून टाकलेत. त्या तिघांनी जुनी किल्ली आजच रद्द करून नवी काढा.